कव्हरच्या मागचं परीक्षण

नाही म्हणजे नाही. आणि तो कागद असा सारखा माझ्याकडे सरकवू नका, टेबल गुळगुळीत आहे, तुम्ही इकडे ढकलाल, मी तिकडे ढकलीन, आणि दुपार त्यातच जाईल. फोनवर काय सांगितलं होतं तुम्हाला? या, बसा, चहा घ्या, पण सही मिळणार नाही. सांगितलं होतं की नाही? मग? तुम्हाला वाटलं, म्हातारा आहे, कोणी विचारत नसेल, चाळीस वर्षांपूर्वीचं लिखाण पुन्हा छापतोय म्हटल्यावर लोण्यासारखा विरघळेल. — अहो, तीस वर्षं मी पालिका सांभाळली, बातमीदार म्हणून. माझी सही घ्यायला तुमच्यापेक्षा मोठमोठे येऊन गेलेत, हसत हसत जिना चढले आणि शिव्या देत उतरले. तुमची कंपनी म्हणजे तुम्ही आणि तुमचा मेव्हणा, हे तुम्हीच आत्ता सांगितलंत. लोक विसरले त्या गिटारवाल्या बँडच्या जुन्या रेकॉर्डी हुडकायच्या आणि पुन्हा काढायच्या — जाड कव्हर, आत रंगीत पुस्तिका. छान. काढा. 'मागचं दार' या बँडची ती एकुलती एक रेकॉर्ड जरूर काढा, माझी काही हरकत नाही. फक्त कव्हरच्या मागे माझं परीक्षण छापायचं नाही. एवढंच. मागची बाजू कोरी ठेवा. अगदीच मोकळं मोकळं वाटत असेल तर मेव्हण्याचा फोटो छापा.

कारण? कारण लिखाण भिकार आहे. लाजून म्हणत नाहीये, मी लाजत नाही, ऑपरेटरला विचारा. ऑपरेटर म्हणजे आमची ही — तुम्हाला दार उघडलं ना, ती. आमच्या पेपरच्या टेलिफोन बोर्डवर होती बावीस वर्षं. बोर्ड गेला, पेपर गेला, नाव राहिलं. — तर लिखाण. हे तुमचं प्रूफ. चष्मा कुठे... हा. ऐका. 'विहिरीच्या तळाशी कुणीतरी दिवा लावून बसावं, तसा हा आवाज.' विहिरीच्या तळाशी! दिवा लावून! पाण्यात? एकतीस वर्षांचा होतो मी. एकतिसाव्या वर्षी माणसाला असं लिहायला कायद्याने बंदी पाहिजे. पुढे — 'एकेक सूर ओलं पोतं ओढत न्यावं तसा जड.' आणि ही स्तुती आहे बरं का! ओलं पोतं ही स्तुती! पुढे — 'घाई हीच ज्या काळाची ओळख, त्या काळात या चौघांनी घाई नाकारली आहे.' आहाहा. हे वाक्य पोरांनी पाठ केलं होतं. कॉलेजच्या भिंतीवर कोळशाने लिहिलं होतं कुणीतरी, मी स्वतः पाहिलंय, पाहून परत एकदा मुद्दाम त्या रस्त्याने गेलोय. आणि पुढचं वाक्य — पुढचं वाचत नाही. नाही वाचत. तुम्ही वाचलंय ना, पुरे झालं.

तुमचं लक्षच नाहीये, मघापासून त्या रॅककडे बघताय. उठा, बघा जवळ जाऊन. हात बिस्किटाचे नाहीत ना? कडेला धरायची, मधे बोट लावायचं नाही. — वर्णानुक्रम शोधू नका, नाहीये. वर्णानुक्रम दुकानात असतो. माझ्याकडे आवकेचा क्रम आहे. कोपऱ्यात जांभळा शिक्का दिसतो? आवक, खाली तारीख. आमच्या कचेरीत येणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर तो पडायचा — निवेदन, निमंत्रण, धमकीचं पत्र, रेकॉर्ड, शिपायाला सगळं सारखं. एखाद्या पोराने महिनाभर खपून हाताने कव्हर रंगवलेलं असायचं आणि हा पठ्ठ्या नेमका चित्रातल्या माणसाच्या नाकावर शिक्का हाणायचा. आणि हे संगीताचं सदर मला मिळालं कसं? शिक्षा म्हणून. एका पाइपलाइनच्या बातमीवरून संपादकाशी कडाकडा भांडलो, तो म्हणाला, तुमची ऊर्जा जरा रविवारच्या पुरवणीत लावा. शास्त्रीयला जाणकार होते, सिनेमाला दोघं होते. उरली ही गिटारवाली पोरं. ज्यांना कुठलीच मोठी कंपनी उभं करत नव्हती, स्वतःच तीनशे प्रती काढायच्या, स्वतःच सायकलवरून दुकानोदुकानी टाकायच्या — ती माझ्या गळ्यात. घेतली मी. आणि महिन्याभरात वेडा झालो त्यांच्यापायी, हे संपादकाला कधी कळू दिलं नाही, नाहीतर सदर काढून घेतलं असतं.

ही 'पाणी बंद'. गाणारा बोलताना तोतरा, गाताना नाही. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं ऐका कधीतरी — एकच गिटार, तीही एक तार तुटलेली, आणि तरी शेवटाला केस उभे राहतात. तुमचा फोन आल्यापासून तीन आठवडे मी रोज सकाळी एकेक खण उपसतोय. का ते विचारू नका. ही 'ओली काडेपेटी'. चौघं एका सुतारी कारखान्यातले, गिटार घरीच बनवलेली, दाराच्या फळीची. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज. ही 'तिसरा मजला' — ही टाकाऊ. तेव्हाही टाकाऊ होती, तसं लिहिलं, आणि यांचा ड्रमवाला पुढे आमच्या गल्लीत दातांचा डॉक्टर म्हणून उगवला. हसताय काय? चार वर्षं दाढ धरून हिंडलो मी, दुसरा डॉक्टर मिळेपर्यंत. — आणि एक सांगतो, तुमच्या त्या पत्रकात 'काळाच्या ओघात हरवलेलं रत्न' असं जे छापलंय ना, ते काढा. हरवलं नव्हतं. हरवायला आधी कुणाच्या तरी हातात असावं लागतं. ही पोरं कुणी ऐकली नाहीत, म्हणून ती घरी गेली, आणि नोकऱ्या धरल्या. काळबीळ काही नाही. माणसांनी केलं. नावागावाच्या माणसांनी. — म्हणजे मी सर्वसाधारण बोलतोय. पेपरवाले, दुकानवाले, सगळे.

काय सांगत होतो... हां, पत्रं. प्रत्येक रेकॉर्डच्या आत पत्र असायचं. 'आदरणीय सर, आम्ही अमुक तमुक, आमची अशी अशी प्रेरणा.' मी एकही वाचलं नाही. तत्त्व होतं माझं! पालिकेत काय शिकलो? कंत्राटदार निवेदन देतो, ते बाजूला ठेवायचं आणि रस्ता बघायला जायचं. इथेही तेच. पत्र थेट टोपलीत, रेकॉर्ड थेट सुईखाली. जे म्हणायचंय ते तबकडीने म्हणावं. आणि भेटायचं नाही कुणाला. भेटलं की माणूस पाघळतो. मी एकाही बँडवाल्याला भेटलो नाही, आणि 'मागचं दार'मधल्या तर एकालाही, कधीच, कुठेच — ऑपरेटर, खोकला झालाय का? पाणी पी मग. दोनदा खोकलीस.

काय म्हणालात? मूळ ध्वनिमुद्रणाची टेप? तुम्ही ऐकलीत, अर्थात ऐकलीत, विकायची आहे तुम्हाला. गिटारवाल्याकडून मिळाली ना? पडद्यांचं दुकान आहे त्याचं आता? असेल. — मग ऐकल्यावर तुम्हाला काही... म्हणजे हे परीक्षण एका हातात आणि ती गाणी कानात, असं एकत्र घेतल्यावर — काही खटकलं नाही? ... असे बघू नका माझ्याकडे. अच्छा. अच्छा! म्हणजे तुम्हाला माहीत आहे. जिना चढलात तेव्हापासून माहीत आहे, आणि आरामात चहाचे घोट घेत बसलायत, म्हातारा कुठवर ताणतोय ते बघत. वा. बातमीदार व्हायला हवं होतंत, वाया गेलात.

बरं, ऐका मग, म्हणजे मेव्हण्याला जाऊन भलतंसलतं सांगायला नको. रेकॉर्ड प्लेअरला हा खटका असतो. तेहतीस आणि पंचेचाळीस. मोठी तबकडी तेहतीसवर फिरते, लहान पंचेचाळीसवर, शेंबड्या पोराला ठाऊक असतं. या शहाण्यांनी काय केलं? मोठ्या तबकडीवर चारच गाणी कोरली आणि ठेवली पंचेचाळीसवर — आवाज स्वच्छ येतो म्हणे. येतो, मान्य, तांत्रिकदृष्ट्या मान्य. पण मग लेबलवर लिहा ना! लेबलवर काय? दाराचं चित्र! एका बाजूला उघडं दार, दुसऱ्या बाजूला बंद. आणि वेग कुठे लिहिला होता? — पत्रात. हो. पत्रात. शुक्रवारी सकाळी टोपलीत गेलं ते. चारला मजकूर द्यायचा होता, मी तबकडी लावली, खटका होता तेहतीसवर, कारण तो नेहमी तिथेच असतो. आणि ती गाणी, धावणारी, उड्या मारणारी, तीन-तीन मिनिटांची, ती माझ्याकडे आली रांगत. गिटारी गार पडलेल्या, ढोल लांब कुठेतरी पुरल्यासारखा. आणि मी म्हटलं, वा, काय संयम आहे! 'घाई नाकारली आहे'! अहो, त्यांनी नाही नाकारली, माझ्या खटक्याने नाकारली.

आणि आवाज. वेग उतरला की आवाजही उतरतो. ते वाक्य... द्या इकडे तो कागद, मीच वाचतो, ती आतून ऐकतेच आहे. 'हा पुरुष गात नाही, कबुली देतो. असा मर्दानी कंठ आपल्याकडे दहा वर्षांत झालेला नाही.' दहा वर्षांत! मर्दानी! आणि गात होती एकवीस वर्षांची मुलगी. गिटारवाल्याची धाकटी बहीण. झालं समाधान?

चूक झाली. चूक कुणाचीही होते. आणि दुरुस्त्यांबद्दल मला कुणी शिकवायचं नाही, ती भिंत बघा. पुरस्कार दिसतायत का? नाही दिसणार, ते माळ्यावर आहेत. भिंतीवर दुरुस्त्या आहेत. माझ्या स्वतःच्या चुकांच्या, छापलेल्या, चौकटीत, काच लावून. सात. एका अभियंत्याचं आडनाव चुकलं होतं माझ्याकडून, फक्त एक अक्षर, तर दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर चौकट घ्यायला लावली संपादकाला. तो म्हणाला, तळाला घेऊ. मी म्हटलं, चूक वर झाली, दुरुस्तीही वर. असा होतो मी. आहे. — आठवी? आठवी नाहीये. कारण ही चूक तेव्हा कळलीच नाही मला. कळली ती किती उशिरा, वर्षं गेली मधे, तेव्हा कुठे — काय गं? — 'मंगळवारी' म्हणतेय. आत भाजी निवडत बसलीये आणि तिथून 'मंगळवारी' म्हणतेय.

बरं! मंगळवारी. रविवारी छापून आलं आणि मंगळवारी ती आली कचेरीत. पटलं? हिनेच तिला बोर्डाशेजारच्या बाकावर बसवलं, हिनेच पाणी दिलं. दीड तास बसवलं मी तिला, काम नव्हतं काही, पेन्सिलींना टोक काढत होतो. मग आली टेबलापाशी. किरकोळ मुलगी, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत रेकॉर्ड. म्हणाली, 'सर, आम्ही मागचं दार. आभार मानायला आलेय.' आभार! मग म्हणाली, 'फक्त एक होतं — आमच्यात गाणारा पुरुष नाहीये. मी गाते.' मी म्हटलं, 'बाई, माझे कान शाबूत आहेत.' वाद नाही घातला तिने. तिथेच उभ्या उभ्या दोन ओळी गायली. टाइपरायटरांच्या खडखडाटात. आणि खडखडाट थांबला हो. कोपऱ्यातल्या मुद्रितशोधकांनी माना वर केल्या — ते लोक इमारतीला आग लागली तरी आधी परिच्छेद संपवतात. आणि मला कळलं. त्याच क्षणी कळलं, सुरावरून कळलं, तोच सूर, फक्त उजेडात आणलेला. मग ती पुढे वाकली आणि हळूच, फक्त मलाच ऐकू यावं इतकं हळू, म्हणाली, 'सर, खटका पंचेचाळीसवर होता ना? पत्रात लिहिलं होतं आम्ही.' हळू का बोलली ती? माझी लाज राखायला. एकवीस वर्षांची पोर, माझी लाज राखत होती. आणि मी काय केलं, तर खुर्ची मागे ढकलून मोठ्याने म्हणालो, पार शेवटच्या टेबलापर्यंत जाईल असं — 'हल्ली बँडवाले परीक्षण बदलून घ्यायला आपल्या बहिणी पाठवायला लागलेत!' हसले सगळे. सगळे म्हणजे — ही नाही हसली. ती मुलगीही नाही. पिशवी सावरली, जाताना हिला 'पाण्याबद्दल आभार' म्हणाली, आणि जिना उतरली. आमचं लग्न ठरलेलं होतं तेव्हा. अकरा दिवस ही माझ्याशी बोलली नाही. माझा फोन आला की सरळ वायर उपटायची.

नाही, थांबा, आता अर्धवट नका ऐकू. तुम्हाला वाटत असेल, एक परीक्षण, काय मोठंसं. त्या परीक्षणाने त्यांच्या सगळ्या प्रती पंधरा दिवसांत संपल्या. माझं सदर वाचून लोक रेकॉर्ड घ्यायचे, विकायच्या प्रतींत पत्राऐवजी वेगाची चिठ्ठी होती ती वाचून पंचेचाळीसवर लावायचे, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात परत — 'पेपरात लिहिलंय तशी नाहीये ही, कुणीतरी बाई गातेय.' मग दुकानदार त्यांना तेहतीसवर लावून दाखवायचा. 'हां, आता बरोबर!' असं म्हणून घेऊन जायचे! माझ्या शब्दाला एवढं वजन होतं. मग सभागृहाच्या मॅनेजरने कार्यक्रम दिला, अट एकच — तो पेपरातला जाडा आवाज पाहिजे. आणि भाऊ, तिचा सख्खा भाऊ, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी बोलावतंय म्हटल्यावर त्याने काय केलं असेल? वीज कंपनीतला एक मीटर वाचणारा आणला, घशात दगड भरल्यासारखा आवाज, आणि गाणी घेतली निम्म्या वेगाने. गाणी तिची. शब्द तिचे, चाली तिच्या. आणि तिला बसवलं दारावर, येणाऱ्यांच्या हातावर शिक्के मारायला.

मला कसं माहीत? कुणीतरी सांगितलं असेल. पेपरात दहा जण दहा गोष्टी सांगतात. — नाही. गेलो होतो. लिहा हवं तर, गेलो होतो मी. रांगेत उभा राहिलो. माझा हात पुढे झाला, तिने शिक्का उचलला, वर बघितलं. ओळखलं. हात गार होता तिचा. शाई नीट लागली नाही म्हणून तिने पुन्हा एकदा मारला, जपून, आणि म्हणाली, 'पुढे जाऊन उभे राहा, सर. आता तुम्ही लिहिलंत तसंच वाजतं.' टोमणा नव्हता हो तो. टोमणा असता तर बरं झालं असतं, टोमण्याला माझ्याकडे उत्तर असतं, चोवीस तास तयार असतं. ती नुसती माहिती देत होती मला. आत जागा आहे, तुम्ही लिहिलंत तसंच वाजतं.

आणि मी आत गेलो. पुढे उभा राहिलो. आणि पुढच्या रविवारी लिहिलं — हे तुमच्या मेव्हण्याला सापडलेलं दिसत नाही, नाहीतर तेही छापलं असतंत — लिहिलं, 'गायकाचा आवाज आता अधिक पिकला आहे.' पिकला आहे! मीटरवाल्याला येऊन दोन आठवडे झाले होते! पहिली चूक होती, महाशय. दुसरी चूक नव्हती. दुसरी मी डोळे उघडे ठेवून, शुद्धीवर असताना, सही करून लिहिली. कारण पहिली मान्य केली असती तर त्या टेबलावरचे सगळे — जे हसले होते ते — पुन्हा हसले असते, या वेळी माझ्याकडे तोंड करून. एवढ्यासाठी. तीन महिन्यांत तो बँड संपला. ओल्या पोत्यासारखं वाजवून वाजवून तेच कंटाळले. ती पुन्हा कुठे गायली असेल तर मला माहीत नाही. शोधायला हवं होतं? मी? जो माणूस पालिकेचा चोरीला गेलेला रोड रोलर तीन गावं पालथी घालून शोधून काढतो, त्याला एक मुलगी सापडली नसती? सापडली असती. म्हणूनच नाही शोधलं. तिचं नावसुद्धा विचारलं नाही कधी.

तेव्हा कळलं ना आता? म्हणून सही नाही. ते खोटं पुन्हा छापायचं नाही. आवरा तुमचं. — काय? कुणाची अट? ... तिची? म्हणजे ती... बरी आहे? तुम्ही भेटलात तिला. आणि रेकॉर्ड पुन्हा काढायला तिचीच परवानगी लागते, कारण गाणी तिची, आणि ती म्हणते... थांबा, नीट सांगा, शब्द गाळू नका. परीक्षण छापायचं. पूर्ण. एकही शब्द न बदलता, माझ्या नावासकट. नाहीतर रेकॉर्ड काढायची नाही. असं म्हणाली? रागाने म्हणाली? हसत? ... आणि पुढच्या बाजूला तिचं नाव, गायिका म्हणून. आणि मागे, परीक्षणाच्या खाली? कुठे? ही बारीक ओळ? 'ही रेकॉर्ड पंचेचाळीसच्या वेगावर ऐकावी.' बस. बाकी काही नाही.

बाई गं.

चाळीस वर्षं मी मनात ती चौकट लिहितोय. कधी दोनशे शब्दांची होते, कधी पान भरतं, कधी त्यात त्या संपादकाला दोन शिव्या, कधी लेबलवरच्या त्या दाराला. आणि तिने एका ओळीत संपवलं. आरोप नाही, खुलासा नाही, माझ्याबद्दल अवाक्षर नाही. कळतंय का तुम्हाला काय होणार ते? माणूस रेकॉर्ड लावेल, पंचेचाळीसवर, मुलगी गायला लागेल, हातात कव्हर असेल, आणि तो वाचेल — 'हा पुरुष गात नाही.' पोट धरून हसेल. मग खाली नाव बघेल. पाइपलाइनची बातमी आठवणार नाही कुणाला, भिंतीवरच्या सात चौकटी आठवणार नाहीत, मी म्हणजे 'मर्दानी कंठ', कायमचा. — एक करा. एकच वाक्य काढा. ते दहा वर्षांचं. बाकी विहीर, पोतं, घाई, सगळं राहू द्या, घ्या मी सही करतो, फक्त ते एक — नाही? तिने सांगूनच ठेवलंय? 'सर एक वाक्य काढा म्हणतील, ते काढायचं नाही'? असं म्हणाली? अहो, या माणसाने आयुष्यात संपादकाला स्वल्पविराम हलवू दिला नाही, आणि आज स्वतःच वाक्य काढा म्हणून गयावया करतोय. बघून घ्या. फुकट आहे.

काय विचारलंत? पंचेचाळीसवर कशी वाटली मला? ... नाही ऐकली. कधीच नाही. कचेरीत तिने म्हटलेल्या त्या दोन ओळी, तेवढंच. माझ्याकडे ती पहिल्या दिवसापासून तेहतीसवर आहे. लावतो ना, लावत नाही असं कुठे म्हटलं? अधूनमधून लावतो. या तीन आठवड्यांत रोज लावली. आणि तुम्हाला सांगतो, कुणाला सांगू नका, चांगली आहे ती तशी. तो विहिरीतला माणूस मला आवडतो. जगात नाहीये, कधीच नव्हता, माझ्या खटक्याने जन्माला घातलेला, पण माझ्या ओळखीचा आहे, चाळीस वर्षांचा. तिची रेकॉर्ड ऐकली की तो जातो. जाणार ना? — बसा, ऐकवतो. ऐका आणि मग बोला. ही काढली... ही ठेवली... सुई. हं. आला. हा बघा. खोल, बघा किती खोल. 'एकेक सूर' — हे चूक म्हणता येईल का तुम्हाला? हे असं ऐकून कुणीही... ऑपरेटर, तू कशाला उठून आलीस? चहा झाला त्यांचा. नाही, तिकडे नको. हात लावू नकोस, खटक्याला हात लावू नको म्हणतो ना, अगं मी सही करणार नाही म्हटलं म्हणून काय —

...

एवढी धावते?

थांबा. बोलू नका. ते ऐकलंत? ओळीच्या शेवटी. श्वास घेताना हसतेय ती. हसतेय! कडव्यातच, गाता गाता. भाऊ काहीतरी करत असेल समोर. मी तिथे 'दाबलेला हुंदका' लिहिलं होतं. बघा, असेल तुमच्या प्रूफात, तिसऱ्या परिच्छेदात आहे. हुंदका!

ठेवा तो कागद तिथे. पेन आहे माझ्याकडे. वाक्य राहू द्या, हुंदका राहू द्या, सगळं राहू द्या, बदललंत तर याद राखा. आणि निघा आता. नाही, काही सांगायचं नाहीये तिला, माझ्याकडून काही सांगू नका, तुमच्या तोंडून तर नकोच. निघा म्हटलं ना. चार गाण्यांची रेकॉर्ड आहे, एक संपत आलं. — आणि दार हळू ओढा. सुई उडते.